टाकीत किती बसतं?

फौजेत एमटीच्या, म्हणजे मोटार ट्रान्सपोर्टच्या माणसाला अर्ध्या रात्री झोपेतून उठवून दोन प्रश्न विचारा. गाडी किती केपीएल देते? आणि टाकीत किती बसतं? पहिल्याचं उत्तर तो डोळे न उघडता देईल. लिटरमागे किती किलोमीटर हे त्याच्या कार डायरीत रोज लिहिलं जातं. दुसऱ्या प्रश्नावर मात्र तो उठून बसेल आणि तुम्हालाच विचारेल, "कागदावर की खरोखर?"

हा उलटा प्रश्न उद्धटपणाचा नाही. त्यामागे शंभर वर्षांचा अनुभव आहे, आणि त्यातला बराचसा लढाईत मिळालेला. जबलपूरच्या पोस्टिंगमध्ये या प्रश्नाशी माझी गाठ पडली ती कुंडमच्या रस्त्यावर. पण तिथे पोचण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

काठीचा जमाना

सुरुवातीच्या मोटारींना पेट्रोलचा काटा नव्हताच. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये निघाली आणि १९२७ पर्यंत बनत राहिली. बहुतेक गाड्यांत पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असे, आणि तिच्यात साधारण दहा अमेरिकन गॅलन, म्हणजे ३८ लिटर बसे. किती उरलं ते बघायचं तर सीट उचलायची, झाकण काढायचं आणि लाकडी पट्टी आत बुडवायची. अशा पट्ट्या गॅरेजवाले आपली जाहिरात छापून गिऱ्हाइकांना फुकट वाटत.

पट्टी म्हटली की वाटतं, सोपं काम. पण आडव्या नळकांड्यासारख्या टाकीत उंची आणि माप यांचं गणित सरळ नसतं. पाव उंचीपर्यंत भरलेल्या आडव्या नळकांड्यात पाव भाग तेल नसतं, वीस टक्क्यांहूनही किंचित कमी असतं. ३८ लिटरच्या टाकीत साडेनऊ लिटर आहे असं समजून निघालेल्या माणसाजवळ प्रत्यक्षात साडेसातच्या आत असे. म्हणून त्या पट्ट्यांवरच्या खुणा सारख्या अंतरावर नसत. वर आणि खाली विरळ, मध्ये दाट. टाकीचा आकार बदलला की पट्टीही बदलायची.

दुसरी गंमत चढाची. त्या गाडीत पेट्रोल पंप नव्हता, पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनात उतरायचं. टाकी अर्धवट असताना उभा चढ आला की इंजिनाची पातळी टाकीच्या वर जाई आणि गाडी बंद पडे. मग ड्रायव्हर गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढत. टाकीत पेट्रोल होतं, पण इंजिनाला मिळत नव्हतं. 'टाकीत आहे' आणि 'कामाला येईल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या ड्रायव्हरांना पुस्तकाशिवाय कळलं.

फोक्सवॅगनच्या बीटललाही १९६१ पर्यंत काटा नव्हता. इंजिन आचके देऊ लागलं की पायाजवळचा खटका फिरवून राखीव पाच लिटर सोडायचे. आपल्याकडच्या वाचकांना हे नवीन नाही. बजाज स्कूटरचा कॉक फिरवून 'रिझर्व्ह लागली' म्हणणारी आणि तीही संपली की स्कूटर आडवी करून शेवटचे चार थेंब कार्बोरेटरकडे पाठवणारी आपली एक अख्खी पिढी आहे. ती पिढी काट्याशिवाय क्वचितच अडकली, कारण तिला आपल्या टाकीचा तळ ठाऊक होता.

वाळवंट आणि डबा

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश आणि हिंदी फौजा लढल्या. त्यांत मराठे होते. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन ११व्या इंडियन ब्रिगेडमधून तोब्रुकला होती आणि २१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडलं तेव्हा कैद झाली. या फौजांचं पेट्रोल चार गॅलनच्या, म्हणजे साधारण १८ लिटरच्या पातळ पत्र्याच्या डब्यांतून येई. सैनिकांनी त्यांना नाव ठेवलं 'फ्लिम्झी', म्हणजे तकलादू. खडकाळ रस्त्यावर ट्रकमध्ये ते एकमेकांवर आपटत, त्यांचे सांधे उसवत आणि पेट्रोल गळून उडून जाई. वाटेतलं हे नुकसान तीस टक्क्यांच्या घरात असल्याचा अंदाज त्या काळी मांडला गेला. म्हणजे डब्यावर अठरा लिटर लिहिलेलं, आणि पुढच्या तुकडीच्या हाती बारा-तेरा. हिशेबाच्या वहीत मात्र अठराच. जवानांनी त्या डब्याचा एकच खरा उपयोग शोधला: तो अर्धा कापायचा, त्यात वाळू भरायची, वाळूवर पेट्रोल ओतायचं आणि त्यावर चहा करायचा.

समोरच्या जर्मनांकडे वेगळा डबा होता. १९३० च्या दशकात त्यांनी बनवलेला, बरोबर वीस लिटरचा. पोलादी पत्र्याचे दोन भाग दाबून घडवलेले आणि वेल्डिंगने जोडलेले, त्यामुळे उसवायला सांधाच नाही. वर तीन कड्या: एक माणूस एका हातात दोन रिकामे डबे धरू शकेल, आणि एक भरलेला डबा दोघांना मिळून उचलता येईल. खटक्याचं झाकण, ओतताना हवा आत जाण्यासाठी नळी, आणि पेट्रोलला पसरायला वर थोडी मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेमुळे भरलेला डबा पाण्यावर तरंगतही असे. इंग्रज सैनिक जर्मनांना 'जेरी' म्हणत, म्हणून हा झाला जेरीकॅन. हाती लागतील तेवढे डबे इंग्रजांनी वापरले आणि नंतर तसेच स्वतः बनवले.

या डब्याचा हिंदुस्थानशी एक जुना धागा आहे. १९३९ मध्ये पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन इंजिनिअर एका जर्मन सहकाऱ्याबरोबर बर्लिनहून मोटारीने हिंदुस्थानकडे निघाला. वाटेत पाणी ठेवायला त्या सहकाऱ्याने बर्लिनच्या विमानतळावरच्या साठ्यातून असे तीन डबे उचलून आणले होते. सहकारी वाटेतूनच परतला, प्लाइस गाडी घेऊन कलकत्त्याला पोचला. दोस्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांना या डब्याचं महत्त्व सांगण्यात त्याला पुढे बरेच महिने घालवावे लागले.

आज आपल्या प्रत्येक फौजी गाडीबरोबर जेरीकॅन दिसतो. त्याच्या मजबुतीचं कौतुक सगळेच करतात. एमटीच्या माणसाला मात्र त्याची दुसरी खुबी जास्त प्रिय आहे. तो डबा म्हणजे हातात धरता येणारं माप आहे. पाच डबे ओतले म्हणजे शंभर लिटर. काटा काय म्हणतो ते नंतर बघू.

कुठला गॅलन?

माप म्हटलं की कुठलं माप, हे आलंच. इंग्रजी गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा. युद्धात आपल्या फौजांकडे अमेरिकन जीप आल्या. जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, १५ गॅलनची. अमेरिकन हिशेबाने ते ५७ लिटर होतात, इंग्रजी हिशेबाने ६८. तोच आकडा, तीच टाकी, आणि फरक अकरा लिटरचा. ब्रह्मदेशच्या जंगलात अकरा लिटर म्हणजे ठाण्यावर परत येणं आणि न येणं यातला फरक.

आपण या घोळातून बाहेर पडलो ते १९५६ च्या वजन-माप कायद्याने. १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो, मीटर आणि लिटर आले. शेर, मण, गॅलन मागे पडले. पण जुनं आणि नवं माप शेजारी शेजारी असतं तो काळ सगळ्यात धोक्याचा. याचा दाखला कॅनडातला आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं बोइंग ७६७ विमान ४१ हजार फुटांवर असताना त्याचं इंधन संपलं. विमानातले इंधनाचे काटे त्या दिवशी बंद होते, म्हणून जमिनीवर पट्टीने माप घेतलं होतं. पट्टी बरोबर होती. टाक्यांत ७,६८२ लिटर होतं, तेही बरोबर. पण लिटरचे किलो करताना ०.८ ने गुणायचं सोडून १.७७ ने गुणलं गेलं, जो आकडा पौंडांचा होता. विमानात २२,३०० किलो इंधन लागणार होतं. त्यासाठी वीस हजार लिटर भरायला हवं होतं, भरलं गेलं पाच हजारांच्याही आत. वैमानिकांनी इंजिनाशिवाय ते विमान तरंगत खाली आणलं आणि गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. आतले ६९ जण वाचले.

काटा बंद असूनही माप घेता येतं, हे या गोष्टीतून कळतं. मापाचा आकडा कशाचा आहे हे विचारलं नाही तर ते माप बुडवतं, हेही कळतं. 'अंदाजपंचे दाहोदरसे' म्हणतात ते याला.

जबलपूरच्या गाड्या

आता जबलपूर. मराठी माणसाला हे गाव परकं नाही. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचं गोंड राज्य सागरच्या मराठ्यांकडे आलं, १७९८ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांकडे, आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतलं. मग इंग्रजांनी इथे फौजी कारखाने उभे केले. १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, १९४२ ची खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी. स्वातंत्र्यानंतर जर्मनीच्या मान कंपनीशी करार होऊन इथेच शक्तिमान ट्रक बनू लागला, आणि १९६९ मध्ये खास गाड्यांसाठी व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. निस्सानच्या परवान्यावर बनलेली जोंगाही इथलीच. तिचं नावच 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' यातल्या अक्षरांवरून पडलं. माझ्याआधीच्या दोन पिढ्यांची नोकरी या गाड्यांवर गेली.

जोंगाचं इंजिन सहा सिलिंडरचं, जवळपास चार लिटरचं, पेट्रोलवर चालणारं. ताकद भरपूर, तहानही तितकीच. फौजेतून निवृत्त झालेल्या गाड्या लिलावात जातात आणि शौकीन लोक त्या घेतात. २०१९ मध्ये महेंद्रसिंह धोनीने जोंगा घेतली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचं नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आणलं. पण अशा गाडीचा सामान्य मालक पहिलं काम काय करतो? पेट्रोल परवडत नाही म्हणून इंजिन बदलतो. मग टाकी सडते, ती बदलतो. मग डॅशबोर्डातला काटा त्या टाकीशी जुळत नाही, म्हणून बाजारातून नवा लावतो. शेवटी गाडी जबलपूरची, इंजिन भलतीकडचं, टाकी मिस्त्रीच्या हातची आणि काटा चौथीकडचा. चौघांची ओळख कोणी करून दिलेली नसते.

कुंडमची व्हॅन

कुंडम हे जबलपूर जिल्ह्यातलं तहसीलचं गाव, शहरापासून पन्नासेक किलोमीटर, डिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गोंड आदिवासींचा मुलूख. हिरन नदी याच भागात उगम पावते आणि पुढे नर्मदेला मिळते. रस्त्याला चढ-उतार आहेत आणि रात्री मैलोगणती एक दिवा दिसत नाही.

तिथला एक निवृत्त ड्रायव्हर माझ्या ओळखीचा. जुनी व्हॅन चालवतो. दिवसा सवाऱ्या नेतो आणि रात्री कोणाच्या घरी बाळंतपण अडलं किंवा कोणाला साप चावला की पेशंट घेऊन जबलपूर गाठतो. त्या व्हॅनची मूळ टाकी गंजली होती, म्हणून त्याने पत्र्याची नवी करून घेतली होती. जुना काटा मेला होता. त्याने बाजारातून नवा आकडेवाला मीटर आणला. मीटरने पहिलाच सवाल टाकला: टाकीची क्षमता भरा. तो गाडी घेऊन माझ्याकडे आला. "उस्ताद, इसमें आता कितना है?"

गाडीच्या पुस्तकात ३५ लिटर लिहिलं होतं. पण ते जुन्या टाकीचं. नव्या टाकीची लांबी-रुंदी-उंची मोजून हजाराने भागता आलं असतं. पण टाकीला एका बाजूने खाच होती, कोपरे गोल होते. टेपने आलेलं माप बाहेरच्या पत्र्याचं असतं, आतल्या पेट्रोलचं नाही. म्हणून आम्ही जुनीच रीत धरली: टाकी पूर्ण रिकामी करायची आणि मापाने भरायची.

रविवारी सकाळी उघड्या मैदानात बसलो. बॅटरीची तार काढली, विडीवाल्यांना दूर पिटाळलं, वाळूची बादली जवळ ठेवली. आधी गाडी चालू ठेवून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत वाट बघितली होती. इंजिनाच्या मते टाकी संपली होती. मग खालचा बोल्ट काढला, तर दीड लिटर निघालं. पेट्रोल उचलणारी नळी तळापासून थोडी वर असते, कारण तळाशी गाळ आणि पाणी साठतं. ते दीड लिटर टाकीत कायम राहणार आणि कधीच कामाला येणार नाही.

मग शिक्क्याच्या पाच लिटर मापाने ओतायला सुरुवात केली. हे माप प्रत्येक पेट्रोल पंपावर असावं लागतं. वजन-मापे खात्याचा शिक्का त्यावर असतो आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर पंपवाल्याने त्यात भरून दाखवायचं असतं. दर पाच लिटरला आम्ही तीन गोष्टी लिहिल्या: किती ओतलं, काठी किती सेंटिमीटर भिजली, आणि टाकीतल्या फ्लोटच्या तारांवर मीटरने किती ओहम दाखवले.

फ्लोटचं काम साधं आहे. दांड्याच्या टोकाला तरंगणारा गोळा, दुसऱ्या टोकाला रोध बदलणारी पट्टी. पेट्रोल खाली गेलं की गोळा खाली जातो आणि रोध बदलतो. काटा पेट्रोल मोजत नाही, तो फक्त रोध मोजतो. काही फ्लोट रिकाम्या टाकीला १० ओहम आणि भरलेलीला १८० दाखवतात. काही उलटे, रिकामीला २४० आणि भरलेलीला ३३. जोडी चुकली तर भरलेली टाकी रिकामी दिसते. ही जोडी आम्ही आधी तपासून घेतली होती.

काटा अर्ध्यावर आला तेव्हा टाकीत ओतलेलं पेट्रोल होतं अकरा लिटर. पुस्तकातल्या पस्तीसाचा अर्धा म्हणजे साडेसतरा. खाचेमुळे टाकीचा खालचा भाग अरुंद होता, म्हणून काट्याचा अर्धा आणि पेट्रोलचा अर्धा एकमेकांना भेटतच नव्हते. पंपाचा नॉझल जिथे आपोआप बंद होईल तिथे माप आलं २९ लिटर. गळ्यापर्यंत आणखी दोन लिटर कोंबता आलं असतं, पण ती जागा पेट्रोलला पसरायला लागते. पेट्रोल दर अंशाला साधारण एक सहस्रांश फुगतं. पहाटे भरलेली टाकी दुपारी वीस अंश तापली तर २९ लिटरांचे साडेएकोणतीसच्या वर होतात, आणि जबलपूरचा मे महिना ज्याने काढलाय त्याला वीस अंश जास्त वाटणार नाहीत.

हिशेब असा झाला. कागदावर ३५. पंपावर २९. कामाचे साडेसत्तावीस. फरक साडेसात लिटरचा. त्याची व्हॅन लिटरला बारा किलोमीटर देते. म्हणजे कागदावर विसंबला असता तर नव्वद किलोमीटर असे होते जे अस्तित्वातच नव्हते. कुंडम ते जबलपूर जाऊन येऊन शंभर होतात.

आता मीटरमध्ये आकडा कुठला भरायचा? तो म्हणाला, "टंकी तो उनतीस की है, उस्ताद." खरं होतं. पण मी त्याला स्कूटरच्या कॉकची आठवण करून दिली. आम्ही मीटरचं शून्य रिकाम्या टाकीवर ठेवलं नाही. साडेसहा लिटर उरलं असताना ठेवलं: दीड लिटर गाळाचे आणि पाच लिटर राखीव. वरचं टोक २९ वर. मधल्या प्रत्येक पाच लिटरच्या टप्प्याला मीटरला ओळख करून दिली. मीटर शून्य म्हणेल तेव्हाही त्याच्याकडे साठ किलोमीटर असतील. रात्री पेशंट मागे कण्हत असताना ते साठ किलोमीटर कोणी उसने देत नाही.

आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण आडात किती आहे हे कधीतरी दोर सोडून बघावं लागतं. वाळवंटातल्या वहीने बघितलं नाही, बोइंगच्या कागदाने बघितलं नाही.

तो मीटर अजून चालू आहे. ड्रायव्हरने तरीही एक सागाची पट्टी तासून घेतली आहे, तिच्यावर आमच्या त्या सकाळच्या खुणा तापल्या खिळ्याने डागल्या आहेत, खालच्या दूर दूर आणि वरच्या जवळ जवळ. सीटमागे जेरीकॅनच्या शेजारी ती असते. लांबच्या फेरीआधी मीटर बघतो, मग पट्टी टाकतो, आणि दोघांचं जमलं की किल्ली फिरवतो.